‘पिक अप’ वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यात कसं वापरायचं? आठ वाक्यं तपासून हवी आहेत

शब्दशोधक:

‘पिक अप’ हे फ्रेझल व्हर्ब (क्रियापदाला ‘अप’सारखा छोटा शब्द जोडून झालेलं क्रियापद) निरनिराळ्या अर्थांनी वाक्यात वापरायचा सराव करतो आहे. शब्दकोशात उचलणे, आणायला जाणे, शिकणे, आजार लागणे, सुधारणे, सिग्नल पकडणे, बिल भरणे अशी लांबलचक यादी आहे. यादी पाठ होते, पण वाक्य करायला घेतलं की कोणता अर्थ कुठे चालेल ते ठरवता येत नाही. खालची आठ वाक्यं वेगवेगळे अर्थ धरून केली आहेत.

१. ‘प्लीज पिक अप इट फ्रॉम द फ्लोअर.’
२. ‘आय विल पिक यू फ्रॉम द स्टेशन ॲट सिक्स.’
३. ‘ही पिक्ट अप डायबेटीस लास्ट इयर.’
४. ‘द सेल्स वेअर पिक्ट अप आफ्टर द हॉलिडेज.’
५. ‘शी पिक्ट अप इंग्लिश इन अ थ्री-इयर डिग्री कोर्स.’
६. ‘दे पिक्ट अप अ फाइट विथ द गार्ड.’
७. ‘आय कॉल्ड हिम थ्री टाइम्स, बट ही डिडंट पिक अप.’
८. ‘शी पिक्ट अप द रिस्पॉन्सिबिलिटी ऑफ द होल टीम.’

यातलं काय चुकलं आणि का चुकलं, ते सांगाल का? नुसतं बरोबर वाक्य देण्यापेक्षा कारण कळलं तर जास्त उपयोग होईल. आणि एखादं वाक्य वाचताना ‘पिक अप’चा नेमका अर्थ कशावरून ओळखायचा?

कर्ताकर्म:

सातवं वाक्य बरोबर आहे. बाकीच्यांत चुका दोन जातींच्या आहेत. पहिलं, दुसरं, चौथं आणि सहावं ही वाक्यं रचनेत चुकली आहेत. तिसरं, पाचवं आणि आठवं रचनेत ठीक आहेत, पण तिथे घेतलेलं नाम ‘पिक अप’च्या त्या अर्थाशी जुळत नाही. मी रचनेचं सांगतो, नामांचं दुसरं कोणी सांगितलं तर बरं.

पहिलं वाक्य. ‘पिक अप’चे दोन तुकडे सुटे होऊ शकतात. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर कुठेही बसतं: ‘पिक अप द पेन’ आणि ‘पिक द पेन अप’ दोन्ही बरोबर. कर्म सर्वनाम असेल तर मात्र पर्याय राहत नाही, ते मध्येच येतं: ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’, ‘पिक मी अप’. यामागचं कारण लक्षात घेतलं तर नियम पाठ करावा लागत नाही. इंग्रजी वाक्याच्या शेवटी नवी किंवा महत्त्वाची माहिती येते आणि तिथे आवाजाचा जोर पडतो. सर्वनाम म्हणजे आधीच ठाऊक असलेली गोष्ट, तिच्यावर जोर नसतो, म्हणून ती शेवटच्या जागी टिकत नाही. याच कारणाने उलट टोकाला लांबलचक कर्म मध्ये अडकवलं की वाक्य लोंबकळतं. ‘पिक द पेपर्स दॅट वेअर लाइंग अंडर द टेबल अप’ असं कोणी म्हणत नाही. तिथे ‘पिक अप द पेपर्स दॅट वेअर लाइंग अंडर द टेबल’ हेच हवं. मध्ये दोन-तीन शब्दांपर्यंतचं कर्म आरामात मावतं, त्यापुढे ‘अप’ आधी उरकून घ्यावं.

दुसरं वाक्य. ‘अप’ गाळलं की अर्थच बदलतो. नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा खुडणे. ‘आय विल पिक यू’ म्हणजे ‘मी तुझी निवड करेन’. बोलण्यात हे ‘अप’ फार सहज गळतं, त्यामुळे लिहिताना मुद्दाम तपासा. ‘आय विल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन ॲट सिक्स.’ इथे ‘फ्रॉम द स्टेशन’ आणि ‘ॲट द स्टेशन’ दोन्ही चालतात.

सहाव्यात उलट चूक आहे, ‘अप’ जास्तीचं झालंय. भांडण उकरून काढणे म्हणजे ‘पिक अ फाइट’ किंवा ‘पिक अ क्वॉरल’. तसंच फुलं खुडणे ‘पिक फ्लॉवर्स’, खिसा कापणे ‘पिक अ पॉकेट’, किल्लीशिवाय कुलूप उघडणे ‘पिक अ लॉक’. यांतल्या कशातही ‘अप’ नाही. ‘पिक अप फ्लॉवर्स’ म्हटलं तर फुलं झाडावरून खुडली असा अर्थ होत नाही, जमिनीवर पडलेली वेचली किंवा दुकानातून घेतली असा होतो.

चौथं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. ‘पिक अप’ काही अर्थांनी सकर्मक आहे, काही अर्थांनी अकर्मक. विक्री वाढणे, धंद्याने जोर धरणे, वारा वाढणे, रुग्णाची प्रकृती सुधारणे, हे सगळं अकर्मक. कर्मच नाही, तर कर्मणी प्रयोग होणार कशाचा? म्हणून ‘द सेल्स वेअर पिक्ट अप’ चालत नाही, ‘सेल्स पिक्ट अप आफ्टर द हॉलिडेज’ हवं. तसंच ‘द विंड इज पिकिंग अप’, ‘बिझनेस हॅज पिक्ट अप’, ‘शी वॉज इल फॉर अ मंथ, बट शीज पिकिंग अप नाऊ’. उलट ‘द सिग्नल वॉज पिक्ट अप बाय अ शिप’ किंवा ‘ही वॉज पिक्ट अप बाय द पोलीस’ ही कर्मणी वाक्यं निर्दोष आहेत, कारण तिथे अर्थ सकर्मक आहे.

तुमचं सातवं वाक्यही अकर्मकच आहे, फक्त तिथे फोन हे कर्म गृहीत धरून गाळलेलं आहे. ‘ही डिडंट पिक अप द फोन’ म्हटलं तरी तोच अर्थ.

शेजारशब्द:

नामांचं मी घेते, कारण ‘पिक अप’चा अर्थ कशावरून ओळखायचा या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नामांतच आहे.

मराठीतलं ‘लागणे’ घ्या. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, वेळ लागला, नोकरी लागली, दिवा लागला. ‘लागणे’चे अर्थ पाठ करून कोणी मराठी शिकत नाही, शेजारचं नाम अर्थ सांगून टाकतं. ‘पिक अप’ असंच चालतं. त्यामुळे ‘पिक अप म्हणजे शिकणे’ असं पाठ करण्याऐवजी ‘पिक अप अ लँग्वेज’, ‘पिक अप ॲन ॲक्सेंट’, ‘पिक अप अ हॅबिट’ अशा जोड्या लक्षात ठेवा. वहीत अर्थापुढे एक शब्द लिहू नका, तीन-चार नामं लिहा.

आता तुमची वाक्यं. तिसऱ्यात डायबेटीस चालणार नाही. आजाराच्या अर्थाने ‘पिक अप’ वापरतात तेव्हा तो कुठून तरी, कोणाकडून तरी आलेला असतो आणि बहुधा किरकोळ असतो. ‘अ कोल्ड’, ‘अ बग’, ‘अ व्हायरस’, ‘ॲन इन्फेक्शन’, ‘अ स्टमक अपसेट’ ही नेहमीची नामं. शिवाय वाक्यात तो कुठून आला ते आलं की अर्थ पक्का होतो: ‘आय पिक्ट अप अ कोल्ड ऑन द फ्लाइट.’ मधुमेह, कर्करोग, संधिवात यांना ‘डिव्हेलप्ट’ किंवा ‘वॉज डायग्नोस्ड विथ’. तापालाही ‘पिक अप’ लावू नका. ताप हे लक्षण आहे, ‘रन अ फीव्हर’ किंवा ‘हॅव अ फीव्हर’ म्हणा.

पाचव्यात विसंगती आहे. ‘पिक अप’ने शिकणे म्हणजे कानावर पडून, बघून, वापरता वापरता येणे. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम म्हटला की पद्धतशीर शिक्षण झालं, तिथे ‘स्टडीड’ किंवा ‘लर्न्ट’ हवं. ‘शी पिक्ट अप इंग्लिश फ्रॉम हर नेबर्स’ किंवा ‘ही पिक्ट अप द बेसिक्स जस्ट बाय वॉचिंग’ अशी वाक्यं अर्थाला चपखल बसतात. ‘क्विकली’, ‘ईझिली’, ‘अलाँग द वे’ हे शब्द या अर्थासोबत वरचेवर येतात, ओळखीची खूण म्हणून ते लक्षात ठेवा.

आठव्यात मराठीने दगा दिला आहे, आणि हे थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे. आपलं ‘उचलणे’ आणि ‘पिक अप’ आश्चर्य वाटावं इतके जुळतात. फोन उचलला, पोलिसांनी उचललं, खर्च उचलला, मुलांनी सवय उचलली, माल उचलला: पाचही ठिकाणी ‘पिक अप’ चालतं. ‘हिज कंपनी पिक्ट अप द बिल’ म्हणजे खर्च कंपनीने उचलला. इतकं जुळल्यावर सगळीकडेच जुळेल असं वाटतं आणि तिथेच घसरायला होतं. जबाबदारी उचलणे म्हणजे ‘टेक ऑन रिस्पॉन्सिबिलिटी’. पाऊल उचलणे ‘टेक अ स्टेप’. फायदा उचलणे ‘टेक ॲडव्हांटेज’. मागणी उचलून धरणे ‘सपोर्ट’ किंवा ‘बॅक’. शपथेसाठी हात उचलणे ‘रेज’. जड कपाट दोघांनी मिळून उचललं तर ‘लिफ्ट’ जास्त शोभतं, कारण ‘पिक अप’ने एका हाताने किंवा सहज उचलल्यासारखं वाटतं. पण मूल उचलून घेणे ‘पिक अप’च.

जबाबदारीच्या जवळ जाणारा एक ‘पिक अप’ आहे, तो वेगळा ठेवा: ‘पिक अप द स्लॅक’. कोणी काम अर्धवट सोडलं किंवा कमी पडलं आणि दुसऱ्याने ते ओढून नेलं, तर हा वाक्प्रचार. ‘टू पीपल वेअर ऑन लीव्ह, सो द रेस्ट ऑफ अस पिक्ट अप द स्लॅक.’ ‘पिक अप ॲन एक्स्ट्रा शिफ्ट’ही याच घरातलं.

शब्दशोधक:

दोघांचेही आभार, कर्म आणि नाम बघायचं हे स्पष्ट झालं. पण नाम तेच असेल तर? ‘शी पिक्ट अप द बुक’ यात पुस्तक जमिनीवरून उचललं, दुकानातून घेतलं, की ग्रंथालयातून आणलं? ‘ही पिक्ट हर अप’ यात तर अजूनच गोंधळ आहे.

उलटअर्थ:

गोंधळ खरा आहे, कारण ती दोन्ही वाक्यं मुळातच अर्धी आहेत. परीक्षेत ‘अर्थ स्पष्ट होईल असं वाक्य लिहा’ म्हणतात तेव्हा अशाच वाक्यांना गुण कमी पडतात. व्याकरण शुद्ध असतं, पण वाचणाऱ्याला अर्थ निवडता येत नाही.

यासाठी एक चाचणी करा. वाक्यातलं ‘पिक अप’ काढून त्या जागी ‘लिफ्ट’, ‘कलेक्ट’, ‘बाय’, ‘लर्न’ एकेक घालून बघा. एकापेक्षा जास्त शब्द बसले तर वाक्य अजून तयार झालेलं नाही. ‘शी लिफ्टेड द बुक’ बसतं, ‘कलेक्टेड’ बसतं, ‘बॉट’ही बसतं. म्हणजे पुढे आणखी काहीतरी जोडायला हवं. तेच पुस्तक ठेवून बघा:

‘शी पिक्ट अप द बुक फ्रॉम द फ्लोअर अँड डस्टेड इट.’ आता उचललं एवढाच अर्थ उरतो.

‘शी पिक्ट अप द बुक शी हॅड रिझर्व्ड ॲट द लायब्ररी.’ राखून ठेवलेलं जाऊन घेतलं.

‘शी पिक्ट अप द बुक फॉर हाफ द प्राइस ॲट अ सेल.’ स्वस्तात मिळवलं. ‘पिक अप’ने खरेदी म्हणजे बहुधा जाता जाता घेतलेली किंवा स्वस्तात गवसलेली वस्तू. घर किंवा जमीन रीतसर विकत घेतली तर नुसतं ‘बाय’ म्हणा.

‘शी पिक्ट अप द बुक व्हेअर शी हॅड स्टॉप्ट द नाइट बिफोर.’ सोडलेल्या जागेपासून वाचायला पुन्हा सुरुवात केली.

चारही वाक्यांत क्रियापद आणि कर्म तेच आहे. अर्थ फिरवला तो मागून जोडलेल्या तुकड्याने. ‘फ्रॉम द फ्लोअर’ने उचलणं, ‘फॉर हाफ द प्राइस’ने खरेदी. वाक्य लिहिताना असा तुकडा जोडायची सवय लावली की अर्ध्याहून जास्त संदिग्धता जाते.

माणूस कर्म असेल तेव्हा जास्त काळजी घ्या. ‘ही पिक्ट हर अप’ म्हणजे कडेवर घेतलं, गाडीने आणलं, किंवा अनोळखी स्त्रीशी लगट करून ओळख वाढवली, यांपैकी काहीही होऊ शकतं. तिसरा अर्थ बोलीतला आहे आणि तो चुकून निघाला तर वाक्य भलतंच होतं. म्हणून ‘फ्रॉम स्कूल’, ‘ॲट द एअरपोर्ट’, ‘व्हेन शी स्टार्टेड क्राइंग’ असं काहीतरी हवंच. पोलिसांच्या बाबतीत कर्ताच अर्थ सांगतो, म्हणून तिथे जोडतुकडा नसला तरी चालतं.

वाचताना अर्थ ओळखायला मी विरुद्धार्थी जोडी वापरायला सांगेन. प्रत्येक अर्थाचा उलटा शब्द वेगळा आहे. वस्तू ‘पिक अप’ केली तर उलट ‘पुट डाउन’. माणसाला गाडीने ‘पिक अप’ केलं तर उलट ‘ड्रॉप ऑफ’. फोनचं उलट ‘हँग अप’. वेग ‘पिक अप’ केला तर ‘स्लो डाउन’. विक्रीचं ‘फॉल ऑफ’. सवयीचं ‘गिव्ह अप’. सिग्नलचं ‘लूज’. वाक्यातल्या गोष्टीचं उलट काय होईल असा विचार केलात की अर्थ समोर येतो. यात एक फायदा असाही आहे की एका दगडात सहा-सात फ्रेझल व्हर्ब्ज पदरात पडतात, आणि ‘हँग अप’सारख्या ठिकाणी ‘अप’ असूनही अर्थ उलटा आहे हे डोळ्यांखालून जातं.

जाता जाता: फोन ‘रिसीव्ह’ करणे आणि ‘कट’ करणे हे बोलण्यात रुळलेलं असलं तरी लेखी इंग्रजीत ‘पिक अप’ किंवा ‘आन्सर’ आणि ‘हँग अप’ लिहा.

कर्ताकर्म:

चाचणी चांगली आहे, पण एक भर. ‘लर्न’, ‘बाय’ हे पर्याय बसले तरी अर्थ तंतोतंत तोच राहतो असं नाही. ‘पिक अप’मध्ये विनासायास, ओघात, योजना न करता झाल्याची छटा राहते. दूध ‘बॉट’ केलं आणि घरी येताना दूध ‘पिक्ट अप’ केलं यांत तोच फरक आहे. चाचणी अर्थ ओळखायला वापरा. वाक्य सजवायला नको.

द-अ-आणि-काहीनाही:

आर्टिकलबद्दल, म्हणजे नामाआधीच्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’बद्दल, अजून कोणी लिहिलं नाही, आणि गुण तिथेच जातात. ‘पिक अप’चे बरेच वाक्प्रचार ठरलेल्या साच्यात येतात, तिथे ‘द’ आहे की ‘अ’ आहे की काहीच नाही हेही ठरलेलं असतं.

वेगासाठी ‘पिक अप स्पीड’, ‘द’ नाही. ‘द ट्रेन पिक्ट अप स्पीड ॲज इट लेफ्ट द टनेल.’ पण तोच अर्थ ‘पेस’ने सांगायचा तर ‘पिक अप द पेस’, ‘द’ हवाच. ‘पिक अप मोमेंटम’ आणि ‘पिक अप स्टीम’मध्ये पुन्हा काही नाही. मोहिमेने, चर्चेने, एखाद्या कल्पनेने जोर धरला की हे शेवटचे दोन.

बिलासाठी ‘पिक अप द बिल’ किंवा ‘पिक अप द टॅब’. यात दुसऱ्यांचा खर्चही आपण केला हे गृहीत आहे. एकट्याने स्वतःच्या जेवणाचे पैसे दिले तर ‘पेड द बिल’ पुरे. आणि यावरून पुढचा अर्थ निघतो: ‘टॅक्सपेअर्स विल हॅव टू पिक अप द बिल’, म्हणजे भुर्दंड करदात्यांवर पडणार. वर्तमानपत्री इंग्रजीत हा वापर जागोजागी दिसेल.

‘पिक अप द पीसेस’मध्ये ‘द’ आणि अनेकवचन दोन्ही ठरलेलं. मोठ्या आघातानंतर विस्कटलेलं सावरणे असा अर्थ. ‘पिक अप द थ्रेड’ म्हणजे मध्येच तुटलेलं बोलणं किंवा काम पुन्हा जोडून घेणे. ‘पिक युवरसेल्फ अप’ म्हणजे पडल्यावर उठणे, खरंखुरं पडणं असो किंवा अपयश असो. इथे ‘युवरसेल्फ’ सर्वनाम आहे, म्हणून तेही मध्येच.

रेडिओ, माइक, कॅमेरा, कुत्रा, रडार, तपासणी हे कर्ते असतील तर अर्थ ‘टिपणे’. ‘द माइक पिक्ट अप एव्हरी व्हिस्पर.’ ‘द डॉग पिक्ट अप अ सेंट’, म्हणजे कुत्र्याला माग लागला. ‘द स्कॅन पिक्ट अप अ स्मॉल क्रॅक इन द बोन.’ यंत्राने किंवा इंद्रियाने सूक्ष्म गोष्ट पकडली की डोळे झाकून ‘पिक अप’ वापरा.

शब्दशोधक:

हे टिपण्याचं कळलं. मग ‘पिक अप ऑन’ म्हणजे पण टिपणेच ना? दोन्हींत फरक काय?

द-अ-आणि-काहीनाही:

‘पिक अप ऑन’मध्ये माणूस लक्षात घेतो, आणि बहुतेकदा ती गोष्ट कोणी उघड बोललेली नसते. ‘शी पिक्ट अप ऑन हिज नर्व्हसनेस’: त्याची धास्ती तिने हेरली. ‘नोबडी पिक्ट अप ऑन द हिंट’: सूचक बोलणं कोणाच्या ध्यानात आलं नाही. यंत्रासाठी ‘ऑन’ लावू नका. माइक आवाज ‘पिक्स अप’ करतो, ‘पिक्स अप ऑन’ करत नाही.

‘पिक अप ऑन’चा दुसरा उपयोग चर्चेत होतो. ‘आय’ड लाइक टू पिक अप ऑन अ पॉइंट यू मेड अर्लियर’, म्हणजे मघाचा तुमचा एक मुद्दा पुढे नेतो. बैठकीत, वादविवादात, लेखी उत्तरात फार कामाचं वाक्य आहे.

रचनेत फरक असा की ‘पिक अप ऑन’चे तुकडे सुटे होत नाहीत. सर्वनामही ‘ऑन’नंतरच: ‘पिक अप ऑन इट’. ‘पिक इट अप ऑन’ चुकीचं. मात्र माणूस मध्ये घातला तर वेगळंच क्रियापद तयार होतं: ‘शी पिक्ट मी अप ऑन माय स्पेलिंग’, म्हणजे माझी स्पेलिंगची चूक तिने बोलून दाखवली. हा वापर ब्रिटिश इंग्रजीतला. एक शब्द इकडचा तिकडे झाला आणि अर्थ ‘हेरणे’वरून ‘चूक काढणे’वर गेला, त्यामुळे या दोन्हींची वाक्यं शेजारी शेजारी लिहून सराव करा.

‘पिक अप आफ्टर समबडी’ हे तिसरं. दुसऱ्याने केलेला पसारा मागून आवरणे. ‘आय’म टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू.’ इथे कर्म नाही. काय आवरलं ते सांगायचं नसतं, कोणाच्या मागे ते सांगायचं असतं. आणि ‘पिक अप व्हेअर वुई लेफ्ट ऑफ’ हे अखंड घ्या. थांबलो होतो तिथून पुढे, असा अर्थ आहे, त्यातलं ‘ऑफ’ विसरू नका.

मैदान:

वर आजाराबद्दल लिहिलंय की गोष्ट बहुधा किरकोळ असते. खेळाच्या इंग्रजीत मात्र ‘पिक अप ॲन इंजरी’ दुखापत लहान असो, मोठी असो, सर्रास वापरतात. ‘ही पिक्ट अप ॲन इंजरी इन ट्रेनिंग अँड मिस्ड द होल सीझन.’ हे वाक्य बिनचूक आहे.

खेळात एकूणच ‘पिक अप’ म्हणजे खात्यात पडणे. चांगलंही पडतं, वाईटही. फुटबॉलपटू ‘पिक्स अप अ यलो कार्ड’. संघ ‘पिक्स अप थ्री पॉइंट्स’. क्रिकेटच्या समालोचनात गोलंदाज ‘पिक्स अप फोर विकेट्स’, फलंदाज ‘पिक्स अप अ सिंगल’. चित्रपट किंवा नट ‘पिक्ट अप टू अवॉर्ड्स’. मराठीत आपण बळी ‘टिपले’, बक्षीस ‘पटकावलं’, कार्ड ‘मिळालं’ अशी वेगळी क्रियापदं वापरतो, म्हणून या एका अर्थाकडे लक्ष जात नाही. शब्दकोशात ‘मिळवणे’ म्हणून दिलेलं असतं, पण उदाहरणात बक्षीस असेल तर यलो कार्डही याच खात्यात जातं हे सुचत नाही.

शेजारशब्द:

बरोबर, दुखापतीचा अपवाद धरायलाच हवा. मी आजारांपुरतं लिहिलं होतं. दुखापत बाहेरून होते, म्हणून ‘कुठून तरी आलेलं’ हा धागा तिथेही टिकतो. मधुमेहाला तो लागू होत नाही.

जोडाक्षर:

लिहिण्या-बोलण्याचं राहिलं आहे.

क्रियापद असताना दोन शब्द सुटे. नाम किंवा विशेषण असताना ते जोडून किंवा मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात, दोन्ही रूपं शब्दकोशांत आढळतात. एका लेखनात एकच ठेवा. ‘वुई विल पिक अप द पार्सल’ हे क्रियापद, इथे सुटंच. ‘द पिकअप पॉइंट’, ‘अ पिकअप ट्रक’, ‘अ पिकअप इन सेल्स’, गिटारच्या तारांखाली बसवतात तो ‘पिकअप’ ही सगळी नामाची किंवा विशेषणाची कामं, इथे जोडून. ओळखायचं कसं? काळ बदलून बघा. ‘पिक्ट अप’ करता आलं तर ते क्रियापद, सुटं लिहा. ‘पिक्ट अप पॉइंट’ होत नाही, म्हणजे ते नाम. ‘पिक-मी-अप’ हे मात्र नेहमी रेघांसह. थकल्यावर तरतरी आणणारं पेय किंवा खाणं असा त्याचा अर्थ.

‘पिक अँड ड्रॉप’ ही आपली जोडी अपुरी आहे. लेखी इंग्रजीत ‘पिकअप अँड ड्रॉप-ऑफ’ लिहा. गाडीचा ‘पिकअप’ चांगला आहे हे आपण मराठीत बिनदिक्कत म्हणतो, इंग्रजीत औपचारिक लिहायचं तर ‘ॲक्सेलरेशन’ घ्या.

उच्चारात नामाचा जोर ‘पिक’वर पडतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी आलं की जोर ‘अप’वर सरकतो: ‘पिक इट अप’ मोठ्याने म्हणून बघा, ‘इट’ जवळजवळ गिळलं जातं आणि ‘अप’ उठून दिसतं. भूतकाळात शेवटचा ध्वनी ‘ड’ नसून ‘ट’ आहे, कारण आधीचा ‘क’ अघोष आहे (म्हणजे उच्चारताना घशात कंप होत नाही) आणि त्याला चिकटणारा प्रत्यय अघोषच होतो. तो ‘ट’ पुढच्या ‘अप’ला जोडला जातो आणि ऐकू येतं ते ‘पिक्टप’. ‘पिक्ट’चा ‘पि-केड’ असा दोन तुकड्यांत उच्चार करू नका. ऐकण्याच्या परीक्षेत ‘पिक अप’ आणि ‘पिक्ट अप’ यांतला काळ या एका ‘ट’वरूनच ओळखावा लागतो, तेव्हा दोन्ही पाठोपाठ म्हणून कान तयार करा: ‘दे पिक अप द किड्स’, ‘दे पिक्ट अप द किड्स’.